कालनिर्णय वाचता येतं ना? मग चिनी पंचांगही येईल

सिंगापूरच्या आमच्या घरात दोन कॅलेंडरं आहेत. स्वयंपाकघरात कालनिर्णय, आणि दाराजवळ खालच्या वाणसामानाच्या दुकानातून दरवर्षी फुकट मिळणारं, रोज एक पान फाडायचं लाल-हिरव्या आकड्यांचं चिनी कॅलेंडर. त्यातली इंग्रजी तारीख तेवढी मी बघायचे. बाकीचं पान म्हणजे मुंग्या चालल्यासारखी अक्षरं.

यंदा जानेवारीत शेजारच्या चिनी आजींनी माझी जन्मतारीख विचारली. म्हटलं, 20 जानेवारी 1979, म्हणजे मी शेळी. इंटरनेटवरच्या तक्त्यात 1979 समोर शेळीच आहे आणि मी ते वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले होते. आजींनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. "शेळी नाही, घोडा." दुसऱ्या दिवशी त्या लाल मोज्यांचे दोन जोड घेऊन आल्या. 2026 हे घोड्याचं वर्ष, म्हणजे माझं स्वतःचं वर्ष, म्हणजे सांभाळून राहायचं वर्ष.

लाल मोजे घालून मी ते कॅलेंडर शिकायला बसले. शिकताना सारखं जाणवत होतं की तीन चतुर्थांश गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक आहेत. अमावास्या, अधिक महिना, संक्रांत, साठ संवत्सरं, मुहूर्त, सगळं तिथे आहे. फक्त मांडणी वेगळी. म्हणून हे टिपण खास पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसासाठी आहे.

पायरी 1: 'चिनी रास' हा शब्द सोडून द्या

सगळा घोळ इथे सुरू होतो. आपली रास चंद्राच्या स्थानावरून ठरते आणि सव्वादोन दिवसांत बदलते. चिनी प्राणी अख्ख्या वर्षाचा असतो. एकाच इयत्तेतली जवळजवळ सगळी मुलं एका किंवा फार तर दोन प्राण्यांची. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही असेल, तर ते संवत्सराचं नाव. गुढीपाडव्याला "पराभवनाम संवत्सर" असं वाचतात ना, तसं "घोडानाम संवत्सर" समजा. ही एक गाठ सुटली की पुढचं सोपं जातं.

प्राणी बारा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. 'शेळी'साठी चिनीत जो शब्द आहे तो मेंढीलाही चालतो, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. व्हिएतनाममध्ये बैलाच्या जागी म्हैस आणि सशाच्या जागी मांजर आहे, जपानमध्ये डुकराऐवजी रानडुक्कर. जेड सम्राटाने, म्हणजे चिनी पुराणातल्या स्वर्गाच्या राजाने, प्राण्यांची शर्यत लावली, उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी ओलांडून गेला आणि शेवटी टुणकन उडी मारून पहिला आला, ही गोष्ट लहान मुलांना सांगायला छान आहे. त्यातून कॅलेंडर मात्र कळत नाही.

मूळ बारा प्राणी नसून बारा खुणा आहेत. त्यांना 'शाखा' म्हणतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजवटीतल्या कौल लावायच्या हाडांवर दिवस मोजायला त्या कोरलेल्या सापडतात, प्राण्यांशिवाय. प्राणी नंतर चिकटले. हुबेई प्रांतात श्वेहूती इथे 1975 मध्ये छिन काळातल्या एका थडग्यातून बांबूच्या पट्ट्या निघाल्या, त्यांत प्राण्यांची यादी आहे, पण काही प्राणी आजच्यापेक्षा निराळे. म्हणजे यादी पक्की व्हायला बराच काळ गेला. बारा शाखा नुसत्या वर्षाच्या नाहीत, पूर्वी दिवसाच्या वेळाही त्यांनीच मोजत. दोन-दोन तासांचे बारा प्रहर: रात्री 11 ते 1 उंदीर, दुपारी 11 ते 1 घोडा. त्यावरून रेखावृत्ताला चिनीत 'झ-वू रेषा' म्हणतात, म्हणजे मध्यरात्र आणि मध्यान्ह जोडणारी उंदीर-घोडा रेषा. हे कळल्यावर मला त्या बारा चित्रांबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

पायरी 2: आपला प्राणी काढा, पण जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांनी थांबा

जन्मसालाला 12 ने भागा आणि बाकी बघा. 4 उरले तर उंदीर, 5 बैल, 6 वाघ, 7 ससा, 8 ड्रॅगन, 9 साप, 10 घोडा, 11 शेळी, 0 माकड, 1 कोंबडा, 2 कुत्रा, 3 डुक्कर. सचिन तेंडुलकर एप्रिल 1973 चा. 1973 ला भागल्यावर 5 उरतात, बैल. लता मंगेशकर सप्टेंबर 1929, बाकी 9, साप. लोकमान्य टिळक जुलै 1856, बाकी 8, ड्रॅगन. हा शेवटचा कोणाला पटणार नाही असं नाही.

आता खाचखळगा. चिनी वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही. ते साधारण 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या दरम्यानच्या एका अमावास्येला सुरू होतं. म्हणून 20 जानेवारीपर्यंत जन्मलेल्यांनी डोळे मिटून आधीच्या सालाचा प्राणी घ्यायचा. सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 चा. नुसतं 1831 ला भागलं तर ससा येतो, पण चिनी हिशेबात ते अजून 1830 चंच वर्ष, आणि 1830 वाघाचं. 21 फेब्रुवारीनंतरच्यांना काही अडचण नाही. मधल्या महिनाभरातल्यांनी त्या वर्षीच्या नववर्षाची नेमकी तारीख शोधायची. 1979 मध्ये ती 28 जानेवारी होती, आणि मी 20 ची. शेळी व्हायला आठ दिवस कमी पडले.

तारीख चटकन आठवायची एक युक्ती: चिनी नववर्ष दर 19 वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास येतं, एखाद्या दिवसाच्या फरकाने. 1988 मध्ये 17 फेब्रुवारी, 2007 मध्ये 18 फेब्रुवारी, 2026 मध्ये पुन्हा 17 फेब्रुवारी. कारण 19 सौरवर्षं आणि 235 चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात. आपले अधिक महिनेही याच हिशेबाने साधारण 19 वर्षांत 7 येतात.

आणखी एक फाटा आहे, तो माहीत असलेला बरा. चिनी ज्योतिषी कुंडली मांडताना वर्ष अमावास्येला बदलत नाहीत, 'लीछुन' या सौर दिवशी बदलतात. तो 4 फेब्रुवारीच्या आसपास असतो. त्यामुळे 30 जानेवारीला जन्मलेल्या एखाद्याला घरचे एक प्राणी सांगतील आणि ज्योतिषी दुसरा. दोघेही आपापल्या जागी बरोबर. नवशिक्याने घरच्यांचं ऐकावं.

पायरी 3: रंग लावा, म्हणजे साठ पूर्ण होतील

बारा प्राण्यांना पाच तत्त्वं जोडली की साठ वर्षांचं चक्र होतं. तत्त्व सालाच्या शेवटच्या अंकावरून कळतं: 4-5 लाकूड, 6-7 अग्नी, 8-9 माती, 0-1 धातू, 2-3 पाणी. 2026 म्हणून अग्नी-घोडा, अग्नीचा रंग तांबडा, म्हणून बाजारात सगळीकडे लाल घोडे. पुढचं 2027 अग्नी-शेळी. अशी साठ नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. सध्याचं चक्र 1984 मध्ये सुरू झालं.

आपली प्रभव ते क्षय ही साठ नावं तुम्हाला पाठ नसतील (मलाही नाहीत), पण शकात 12 मिळवून 60 ने भागायची रीत आजोबांकडून ऐकली असेल. शक 1948 अधिक 12, भागून 40 उरतात, चाळिसावं नाव पराभव. चिनी रीत: इसवी सालातून 3 वजा करून 60 ने भागा. 2026 साठी 43 उरतात, आणि अग्नी-घोडा हा त्रेचाळिसावा. साठीशांत आपल्याकडे का करतात हे चिनी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याकडेही माणूस साठीला आपल्या जन्मवर्षाच्या नावाशी परत येतो.

ही नावं इतिहासात पेरलेली आहेत. 1911 च्या चिनी क्रांतीला 'शिनहाय क्रांती' म्हणतात, कारण ते वर्ष शिनहाय होतं, धातू-डुक्कर. जपानमधलं प्रसिद्ध बेसबॉल मैदान कोशिएन 1924 मध्ये बांधलं. त्या सालाचं नाव चक्रातलं पहिलं, तेच मैदानाला दिलं.

अग्नी-घोड्याची एक कथा इथे सांगायलाच हवी. जपानमध्ये समजूत अशी की या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला मारक ठरते. मूळ ओशिची नावाच्या एका भाजीवाल्याच्या मुलीच्या गोष्टीत आहे. एदो शहरात (आजच्या टोकियोत) आग लावल्याबद्दल 1683 मध्ये तिला जिवंत जाळलं, आणि ती 1666 च्या अग्नी-घोड्याच्या वर्षी जन्मली होती असं मानतात. पुढे 1966 ला अग्नी-घोडा आला तेव्हा जपानमध्ये आदल्या वर्षी 18.2 लाख जन्म झाले होते ते 13.6 लाखांवर आले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा 19.4 लाखांवर गेले. मंगळाच्या मुलींची लग्नं अडवणाऱ्या आपल्या समाजाने हसायचं कारण नाही.

पायरी 4: महिना कुठे सुरू होतो ते पक्कं करा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळं पंचांग या एका गोष्टीवर उभं आहे.

महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध प्रतिपदा. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. चिनी महिना आपल्यासारखाच अमावास्येभोवती फिरतो, फक्त ज्या दिवशी चंद्र-सूर्य युती होते, तोच दिवस महिन्याचा पहिला. म्हणजे आपली अमावास्या ती त्यांची बहुतेक वेळा एक तारीख. 29 जानेवारी 2025 ला प्रयागला मौनी अमावास्येचं स्नान चाललं होतं, आपल्याकडे पौष अमावास्या होती, आणि इथे सिंगापुरात त्याच दिवशी सापाचं नवं वर्ष लागलं. घरच्या व्हॉट्सॲप गटावर संगमावरचे फोटो आणि खाली सिंहनृत्याचे ढोल.

दुसरा फरक पक्षांचा. शुद्ध-वद्य नाही. 1 पासून 29 किंवा 30 पर्यंत सरळ मोजणी. तिथीचा क्षय नाही, वृद्धी नाही, सूर्योदयाला कोणती तिथी होती याची भानगड नाही. युती ज्या तारखेला पडली, त्या मध्यरात्रीपासून दिवस मोजत सुटायचं. हे ऐकून मला आधी हेवा वाटला. मग त्याची किंमत लक्षात आली: पंधराव्या दिवशी चंद्र पूर्ण असेलच असं नाही, कधीकधी तो सोळाव्याला पूर्ण होतो. चिनी लोकांत म्हणच आहे, पंधराचा चंद्र सोळाला गोल. आपली पौर्णिमा आकाशाला धरून चालते, त्यांची मोजणीला.

महिने आकड्यांनीच ओळखतात, तिसरा, सातवा असे. पहिल्याला आणि बाराव्याला तेवढी वेगळी नावं. 30 दिवसांचा महिना 'मोठा', 29 चा 'छोटा'. त्यामुळे बारावा महिना छोटा असेल तर वर्षाची शेवटची रात्र एकोणतीसलाच येते. 2025 आणि 2026 ही दोन्ही नववर्षं अशीच एकोणतीसच्या रात्रीनंतर उजाडली.

मग चिनी पहिला महिना म्हणजे आपला माघ का? बहुतेक वेळा हो. पण 2026 मध्ये नववर्ष 17 फेब्रुवारीला आलं तेव्हा आपल्याकडे माघ अमावास्या होती, शिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे यंदा त्यांचा पहिला महिना आपला फाल्गुन. असं का, ते पुढच्या पायरीत.

पायरी 5: चोवीस सौर टप्पे आणि अधिक महिना

चिनी कॅलेंडरला 'चांद्र' म्हणतात ते अर्धवट खरं आहे. ते आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे 15-15 अंशांचे 24 तुकडे केले आहेत, प्रत्येकाला नाव आहे: लीछुन म्हणजे वसंताची सुरुवात, पुढे पावसाचं पाणी, किड्यांची जाग, धान्याचा पाऊस, पांढरं दव, मोठी थंडी. शेतकऱ्याच्या तोंडची नावं आहेत ही. मृगाचा पाऊस, आर्द्राचा पाऊस म्हणणाऱ्यांना त्यांची गोडी लगेच कळेल. 2016 मध्ये युनेस्कोने या चोवीस टप्प्यांची अमूर्त वारशात नोंद केली. पितरांच्या कबरी झाडायचा छिंगमिंग हा सण यांतल्याच एका टप्प्यावर येतो, म्हणून तो दरवर्षी 4-5 एप्रिललाच असतो, जसा आपला संक्रांतीचा सण जानेवारीत ठरलेला.

आता या चोवीसमधले एकाआड एक टप्पे घ्या. बारा होतात. त्या चक्क संक्रांती आहेत, फक्त सायन, म्हणजे ऋतूंना धरून मोजलेल्या. आपली मकर संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेली, 14-15 जानेवारीची. त्यांची 21-22 डिसेंबरची, म्हणजे प्रत्यक्ष उत्तरायणाच्या दिवसाची. आपल्यात आणि त्यांच्यात सुमारे 24 अंशांचं, म्हणजे साधारण 24 दिवसांचं अंतर आहे.

नियम मात्र तोच: ज्या चांद्र महिन्यात संक्रांत नाही, तो अधिक. चिनी पुस्ती एवढीच की दक्षिणायन संपण्याचा दिवस नेहमी अकराव्या महिन्यात आला पाहिजे, आणि अशा दोन अकराव्या महिन्यांमध्ये जेव्हा बाराऐवजी तेरा चांद्रमास बसतात, तेव्हाच संक्रांत नसलेल्या पहिल्या महिन्याला अधिक म्हणायचं.

आता अंतर 24 दिवसांचं असल्यामुळे तुमचा आणि त्यांचा अधिक महिना सहसा जुळत नाही. 2023 मध्ये त्यांना दुसरा महिना अधिक होता, वसंतात, आपल्याला श्रावण. दोन्ही एकाच वर्षात, म्हणून पुढचं नववर्ष जुळलं. 2025 मध्ये त्यांनी सहावा महिना अधिक घेतला, 25 जुलै ते 22 ऑगस्ट. आपला अधिक ज्येष्ठ आला 2026 च्या मे-जूनमध्ये. मधल्या काळात ते आपल्यापेक्षा एक महिना मागे पडले. म्हणून 2026 चं नववर्ष फाल्गुनाच्या तोंडावर आलं, आणि 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला पुन्हा पौष अमावास्येवर येईल.

या मागे पडण्याचा एक सुंदर परिणाम मी घराच्या गच्चीतून पाहिला. त्यांच्या आठव्या महिन्याची पंधरावी तारीख म्हणजे मध्य-शरद उत्सव. चंद्र बघायचा, कंदील लावायचे, मूनकेक खायचे. एरवी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो. 2025 मध्ये तो आला 6 ऑक्टोबरला, नेमका कोजागिरीला. एका हातात मसाला दूध, दुसऱ्या हातात कमळाच्या बियांचं सारण भरलेला मूनकेक. (मूनकेक अर्धाच खावा. फार जड असतो.) त्याच वर्षी त्यांचा 'भुतांचा' सातवा महिना 21 सप्टेंबरला संपला, आपल्या सर्वपित्री अमावास्येला. त्या महिन्यात इथे रस्त्याकडेला कागदी नोटा जाळतात, उघड्यावर गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि पुढची खुर्च्यांची रांग मोकळी ठेवतात. ती पितरांसाठी. चुकून बसू नका.

नावाचा फरक लक्षात ठेवा: आपला अधिक महिना पुढच्या महिन्याचं नाव घेतो, आधी अधिक श्रावण, मग निज. त्यांचा मागच्याचं घेतो, आधी सहावा, मग अधिक सहावा. त्यामुळे सण त्यांच्याकडे पहिल्यात, आपल्याकडे दुसऱ्यात.

अधिक महिन्यामुळे चिनी वर्षं 354 दिवसांचीही असतात आणि 384 चीही. आखूड वर्षात कधीकधी लीछुन येतच नाही. 2024 चं ड्रॅगनचं वर्ष असं होतं, 10 फेब्रुवारीला सुरू होऊन 28 जानेवारीला संपलं, दोन्ही बाजूंचे लीछुन निसटले. अशा वर्षाला 'विधवा वर्ष' म्हणतात आणि लग्नं टाळतात. चीनमध्ये 2023 ला 76.8 लाख विवाह नोंदले गेले होते, 2024 ला 61 लाख. घसरणीची कारणं अनेक, महागाईपासून घटत्या तरुणसंख्येपर्यंत, पण हे नावही त्यांत घेतलं जात होतं. सिंहस्थात आणि अधिक मासात मुहूर्त नसतात म्हणून वर्षभर थांबलेले दोन-चार जण प्रत्येक मराठी कुटुंबात सापडतील, तसंच हे.

या गणितात आपलाही हात लागलेला आहे. आठव्या शतकात थांग दरबारात गौतम सिद्ध नावाचा भारतीय वंशाचा ज्योतिर्विद होता. त्याने 718 मध्ये भारतीय पद्धतीचं 'नवग्रह पंचांग' चिनीत आणलं, आणि शून्यासाठी ठिपका वापरायची रीतही त्यात दिली. पुढे 1281 मध्ये क्वो शौचिंग या चिनी ज्योतिर्विदाने वर्षाची लांबी 365.2425 दिवस धरली, युरोपातल्या ग्रेगरीच्या सुधारणेच्या तीनशे वर्षं आधी. आजचे नियम 1645 चे, छिंग राजवटीत ॲडम शाल या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली बसवलेले.

पायरी 6: घड्याळ कुठलं लावायचं ते बघा

युती हा एक क्षण आहे. तो मध्यरात्रीच्या आगेमागे पडला तर देश बदलला की तारीख बदलते. चीनचा हिशेब 120 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर, तो नानचिंगची पर्पल माउंटन वेधशाळा करते. व्हिएतनाम एक तास मागे आहे. एवढ्या एका तासामुळे 1985 मध्ये व्हिएतनामचं नववर्ष 21 जानेवारीला आलं आणि चीनचं 20 फेब्रुवारीला, तब्बल महिनाभराचा फरक. जपानने तर 1873 पासून नववर्ष 1 जानेवारीलाच नेलं आहे, प्राणी तेवढे ठेवले. तिबेटी लोसारही आपल्या गणिताने चालतो. 2025 मध्ये तो 28 फेब्रुवारीला होता. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतल्या कोणाला चिनी नववर्षाच्या दिवशी शुभेच्छा देण्याआधी एवढं तपासा.

मोबाइलवर ॲप घेतलंत तर ते चीनच्या वेळेने चालतंय ना, ते बघून घ्या. आयफोनच्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'पर्यायी कॅलेंडर' म्हणून चिनी निवडता येतं. प्रत्येक तारखेखाली छोटी चिनी तारीख दिसायला लागते. सुरुवातीला तेवढं पुरतं.

पायरी 7: रोजचं पान वाचा

सगळी अक्षरं यायची गरज नाही. एक आडवी रेघ म्हणजे 1, दोन म्हणजे 2, तीन म्हणजे 3. बेरजेच्या चिन्हासारखं अक्षर म्हणजे 10. दाराच्या चौकटीत काहीतरी अडकल्यासारखं अक्षर दिसलं तर तो अधिक महिना. ते 'काहीतरी' म्हणजे राजा. अधिक महिन्यात राजा दारातच थांबतो, अशी त्याची जुनी फोड आहे.

पानाच्या खालच्या बाजूला दोन रकाने असतात: आज काय करावं, काय टाळावं. लग्न, पाया खणणं, केस कापणं, दुकान उघडणं. दाते पंचांगातले शुभ दिवस काढणाऱ्याला हे नवीन नाही. याचं जाडं पुस्तकही मिळतं, 'तुंग शिंग'. त्याचं मूळ नाव 'तुंग शू' होतं, पण 'शू' म्हणजे पुस्तक तसंच 'शू' म्हणजे हार, म्हणून लोकांनी बदलून 'शिंग' म्हणजे विजय केलं. जुगारावर जीव असलेल्या माणसांनी पंचांगाचं बारसं केलं की असं होतं.

प्राण्यांची जोडपी जुळवणं, कोण कोणाशी पटेल वगैरे, मी मुद्दाम सोडते आहे. एवढंच ठाऊक असू द्या की चार-चार वर्षांच्या अंतराचे मित्र आणि समोरासमोरचे, म्हणजे सहा वर्षांच्या अंतराचे, वैरी मानतात. सासू उंदीर आणि सून घोडा असेल तर बाकीचं तुम्ही कल्पना करा.

पायरी 8: माणसांत वावरताना

नववर्षाला कोणाकडे जाणार असाल तर दोन संत्री न्या, दोन्ही हातांनी द्या. घरातून निघताना तुम्हाला दोन परत मिळतील. लाल पाकिटात आपल्या सवयीने 51 किंवा 101 घालू नका. वर एक रुपया घालून विषम करणं आपल्याला शुभ, त्यांच्याकडे विषम रक्कम मयताच्या पांढऱ्या पाकिटात जाते. सम द्या, पण 4 नको, त्याचा उच्चार मरणासारखा. घड्याळ भेट देऊ नका, त्याचंही कारण उच्चारातच आहे. नोटा कोऱ्या हव्यात. पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते. आपण लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिलाच हळदकुंकू वाहतो, हे आजींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या.

वय विचारलं तर चपापू नका. जुन्या पद्धतीत मूल जन्मतः एक वर्षाचं आणि प्रत्येक नववर्षाला एकाने मोठं. यंदा 17 फेब्रुवारीला मी 47 ची होते, आजींच्या हिशेबात 49.

चीनमधून माल मागवत असाल तर नववर्षाची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. सरकारी सुट्टी आठ-नऊ दिवसांचीच असते, पण प्रवासाची गर्दी चाळीस दिवसांची धरतात. कामगार आधी गावी निघतात आणि उशिरा परततात, कारखाना पूर्ण वेगात यायला आणखी वेळ जातो. जोडून सुट्ट्यांच्या बदल्यात एखाद्या शनिवारी-रविवारी तिथे काम असतं, तेही विचारून घ्या. 2027 साठी 6 फेब्रुवारी.

मुंबईत असाल तर माझगावला नवाब टँक रोडवर 1919 सालचं छोटं चिनी देऊळ आहे. कोलकात्याला टिरेट्टा बाजार आणि टांगरा या जुन्या चिनी वस्त्या.

सराव

कालनिर्णयचं सप्टेंबर 2026 चं पान काढा. 11 तारखेला अमावास्या दिसेल. तिथून चिनी आठवा महिना, ती त्यांची एक तारीख. बोटांच्या पेरांवर पंधरा मोजा. 25 सप्टेंबर, शुक्रवार, मध्य-शरद उत्सव. आता त्याच चौकोनात आपलं काय लिहिलंय ते वाचा: अनंत चतुर्दशी. गिरगावच्या समुद्रात बाप्पा जात असतील तेव्हा इथे मुलं कंदील घेऊन जिने उतरत असतील, आणि चंद्र दोन्हीकडे अजून एका रात्रीने कच्चा असेल.